समुपदेशनातला उपदेश

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. अडखळणं आणि मधले रिक्षांचे हॉर्न काढून टाकलेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आधी एक सूचना. या भागात घरातली मारहाण, बलात्कार आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे उल्लेख आहेत. नको वाटलं तर इथेच थांबा. शेवटी काही नंबर दिलेत, तेवढे मात्र फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आज सुरुवात एका शब्दापासून. समुपदेशन. रोज कानावर पडतो, शाळेत, कोर्टात, पोलीस ठाण्यातल्या पाटीवर. आता त्याची फोड करून बघा. सम् अधिक उपदेशन. म्हणजे काउन्सेलिंगसाठी आपण जो मराठी शब्द वापरतो, त्याच्या पोटातच उपदेश बसलाय! समोरचा माणूस रडतोय, त्याला आधी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगा, ही आपली सवय थेट शब्दातच उतरली, असं मला वाटतं.

आज मी ज्या जागांचा इतिहास सांगणार आहे, तिथे मार खाल्लेली बाई जाते, घराबाहेर काढलेली जाते, विष घेऊन वाचलेली जाते. संकटात मदत करणारी केंद्रं. महाराष्ट्रात त्यांचा सलग इतिहास साधारण पंचेचाळीस वर्षांचा आहे. तो मानसशास्त्राच्या पुस्तकांतून सुरू झाला नाही, मोर्च्यांतून आणि बैठकीच्या सतरंजीवरून सुरू झाला. या सगळ्या वर्षांत या केंद्रांनी एक अवघड काम केलं. त्यांनी समुपदेशनातला उपदेश बाहेर काढायचा प्रयत्न केला. कितपत निघाला, ते बघूच.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८६३ साली पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दिवस गेलेल्या विधवांनी इथे गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, ठेवायचं तर ठेवावं, अशी ती सोय. तशा पाट्याही त्यांनी गावात लावल्या होत्या. तिथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत पुढे फुल्यांनी दत्तक घेतला. समुपदेशन हा शब्द तेव्हा कुणाच्या डोक्यातही नसेल. पण 'तू असं का केलंस' हा प्रश्न न विचारता दार उघडायचं, हे तिथे होतं. त्यानंतर शंभरेक वर्षं बाईसाठी आश्रम निघाले, वसतिगृहं निघाली, शिवणाचे वर्ग निघाले. चांगली कामं. पण नवरा-बायकोचं भांडण म्हटलं की मात्र सगळे एकदम पंच व्हायचे.

पंच म्हणजे कसे, ते माझ्या मावशीकडून ऐकलंय. ती एकदा हाताला पट्टी बांधून तालुक्याच्या ठाण्यात गेली होती. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, अगदी मायेनं बोलले. मग म्हणाले, "ताई, भांड्याला भांडं लागतंच. लेकरांकडे बघा." आणि नवऱ्याला बोलावून दोघांना एकाच रिक्षातून घरी पाठवलं. मावशी आजही त्या साहेबांना वाईट म्हणत नाही. ती म्हणते, सगळ्यांनी मला समजावलं, मी काय सांगत होते ते तेवढं कुणी ऐकलं नाही.

'समजूत काढणे'. किती गोड शब्द आहे ना? आणि समजूत काढायची ती नेहमी मार खाल्लेलीची. मारणाऱ्याची काढताना मी तरी फारसं कुणाला पाहिलं नाही.

आता १९७२. चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, आज ते गडचिरोलीत येतं. तिथल्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत आणि तिने आरडाओरडा केला नाही. म्हणजे तिची संमती होती! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन पेटलं आणि १९८० च्या सुरुवातीला मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' हा गट उभा राहिला. पुढे त्याचं नाव झालं 'फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन'.

आंदोलनाचा इतिहास तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. मला त्याच्या बाजूला घडलेली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. या बायका बलात्काराच्या कायद्यावर बैठका घेत होत्या आणि बैठक संपली की कुणीतरी मागे रेंगाळायचं. म्हणायचं, माझं जरा वेगळं आहे, घरातलंच आहे. अशा रेंगाळणाऱ्या बायका वाढत गेल्या. कार्यकर्त्यांच्या घरी रात्री दारं वाजू लागली. मोर्चाची तयारी होती, पण रात्री अकरा वाजता दोन पोरांना घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बाईचं काय करायचं, याची तयारी कुणाचीच नव्हती. त्या गरजेतून मुंबईत विमेन्स सेंटर निघालं. फ्लेविया अ‍ॅग्नेस याच चळवळीत आल्या. स्वतः अनेक वर्षं नवऱ्याचा मार खाल्लेल्या. त्यांनी स्वतःची कहाणी लिहून काढली, मग कायदा शिकल्या, वकील झाल्या आणि 'मजलिस' ही कायदेशीर मदत देणारी संस्था उभी केली. म्हणजे टेबलाच्या या बाजूची बाई त्या बाजूला जाऊन बसली.

आणि इथेच एक पेच आला. कार्यकर्त्यांना वाटायचं, इतकं मारतो तर सोड ना त्याला. पण येणाऱ्या बहुतेक बायकांना नवरा सोडायचा नव्हता. त्यांना मार थांबायला हवा होता. कुणाला आपले दागिने परत हवे होते, कुणाला फक्त त्याच खोलीत पुन्हा शिरायचं होतं, कारण भाडं तीच भरत होती. मग लक्षात आलं की 'सहन कर' हा जसा उपदेश आहे, तसा 'सोडून दे' हाही उपदेशच आहे. तो चांगल्या मनाने केलेला असला तरी. बाईला काय हवंय हे तिलाच विचारायचं आणि तिचं उत्तर आपल्याला पटलं नाही तरी तिच्यासोबत उभं राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. तुमच्या एखाद्या मैत्रिणीचं ब्रेकअप आणि पॅचअप तीन वेळा झालं असेल, तर किती अवघड असतं ते तुम्हाला माहीत आहे.

पुण्यात याच काळात वेगळ्या वाटेने तेच घडत होतं. १९८२ च्या जूनमध्ये मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा सासरी मृत्यू झाला, विषाने. त्याच वर्षी शैला लाटकर यांच्या मृत्यूनेही शहर हादरलं. मंजुश्रीच्या खटल्यात मोठा पुरावा होता तिची पत्रं. बहिणीला आणि एका जवळच्या स्त्रीला लिहिलेली. खालच्या कोर्टाने नवऱ्याला दोषी धरलं, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन सोडलं. तो निकाल आजही परिस्थितिजन्य पुराव्याबद्दल वकिलीच्या अभ्यासात शिकवतात. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, त्यामुळे मला त्यातली पत्रंच दिसतात. एक मुलगी पत्रांतून आपली घुसमट सांगतेय. बहीण आहे, मैत्रीण आहे, पण जिथे उठून जाता येईल अशी एकही जागा नाही.

विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नारी समता मंच' सुरू केला तो या मृत्यूंच्या पार्श्वभूमीवर, १९८२ मध्ये. त्यांनी 'मी एक मंजुश्री' नावाचं प्रदर्शन तयार केलं आणि गावोगावी नेलं. नाव नीट ऐका. 'मंजुश्रीला न्याय द्या' असं नाही म्हटलं. प्रदर्शन बघायला आलेल्या बायकांनी मग तेच केलं, जे मुंबईत बैठकीनंतर होत होतं. आपलं सांगायला सुरुवात केली. मंचाच्या समुपदेशन केंद्राचं नाव आहे 'बोलते व्हा'. मला हे नाव फार आवडतं. त्यात 'आम्ही तुम्हाला सांगू' हे नाहीच. पुढे मंचाने 'पुरुष संवाद केंद्र'ही काढलं. म्हणजे ज्याची समजूत काढायची राहून गेली होती, त्याच्याशीही बोलणं सुरू झालं.

आता १९८४. हे वर्ष लक्षात ठेवा, कारण या एका वर्षात समुपदेशनाचे दोन रस्ते फुटले.

एक रस्ता दिल्लीतून आला. संसदेने कुटुंब न्यायालयांचा कायदा केला. त्याचा हेतूच लिहिलाय समेटाला उत्तेजन देणं असा. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक बसू लागले. चांगली माणसं असतात ती, अनेकांचे घटस्फोट कमी कडवट होतात त्यांच्यामुळे. पण तिथे प्रश्न विचारला जातो तो लग्नाच्या बाजूने. लग्न वाचेल का?

दुसरा रस्ता मुंबईत क्रॉफर्ड मार्केटसमोर. पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने, आपण ज्याला टिस म्हणतो तिने, महिला आणि मुलांसाठी 'स्पेशल सेल' सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत खुर्ची, पण खुर्चीवर पोलीस नाही, प्रशिक्षित सोशल वर्कर. आदल्याच वर्षी, १९८३ मध्ये, ४९८अ हे कलम आलं होतं आणि नवऱ्याने व सासरच्यांनी केलेला छळ पहिल्यांदा थेट गुन्हा ठरला होता. बाई सगळे उपाय थकले की शेवटी पोलिसांकडे जाते, मग आपणच तिथे जाऊन बसू, असा सरळ विचार.

या सेलची गंमत त्याच्या जागेत आहे. नवऱ्याला चिठ्ठी जाते, येऊन भेटा. चिठ्ठी आयुक्तालयातून आलीय म्हटल्यावर तो येतो. हीच चिठ्ठी एखाद्या संस्थेच्या लेटरहेडवर गेली असती तर तिची होडी झाली असती. तो आला की बोलणं सुरू होतं, पण समेटाचं नाही. हात उचलायचा नाही, हे आधी ठरतं. बाकीचं मग. त्यांच्या कामाच्या भाषेत याला हिंसा थांबवण्यासाठीची वाटाघाट म्हणतात. सोबत इतर कितीतरी कामं असतात. स्त्रीधन परत मिळवायला बाईसोबत सासरी जाणं, तिच्या माहेरच्यांना समजावणं की ही परत आली म्हणजे नाक कापलं गेलं नाही, तक्रार लिहून घेत नसतील तर ठाण्यात शेजारी उभं राहणं, निवाऱ्याची सोय बघणं. पुस्तकी समुपदेशक बहुधा म्हणतील, हे समुपदेशन नव्हे. मला वाटतं, रात्री झोपायला जागा नसलेल्या बाईच्या भावनांवर काम करण्याआधी तिच्यासाठी खाट शोधणं हे जास्त शहाणपणाचं आहे.

सेल पुढे राज्यभर पसरले आणि महिला व बालविकास विभागाने ते आपल्या छत्राखाली घेतले.

पण एक मोठी फट राहिलीच होती. पोलिसांकडे जाणं म्हणजे जाहीर होणं. ज्या बाईला तेही जमत नाही, तिचं काय? ती कुठे दिसते? ती दिसते कॅज्युअल्टीत.

सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात रात्री थोडा वेळ बसून बघा. जिन्यावरून पडले. स्टोव्हचा भडका उडाला. चुकून फिनेल प्यायले. बाथरूममध्ये पाय घसरला. डॉक्टर टाके घालतात, केसपेपरवर तेच लिहितात, पुढचा पेशंट. जिन्यावरून पडून डोळ्याभोवती गोल काळा डाग कसा पडतो, हे विचारायला कुणाकडे वेळ नसतो. आणि विचारून पुढे करायचं काय, हेही कुणी शिकवलेलं नसतं.

२००० साली 'सेहत' ही आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केलं. मलेशियात, क्वालालंपूरच्या रुग्णालयात, १९९४ मध्ये असं एका छताखालचं केंद्र उभं राहिलं होतं. आपल्याकडे सरकारी रुग्णालयाच्या आत असं काही करणं नवीनच होतं. दिलाशाला रुग्णालयातला एक विभाग म्हणून जागा मिळाली, विभाग क्रमांक १०१. जसा हाडांचा विभाग, डोळ्यांचा विभाग, तसा हा. मला हा आकडा फार हुशारीचा वाटतो. केसपेपरवर '१०१' लिहिलं की बाई तिकडे जाते. बाहेर बसलेल्या सासूला काय कळणार, एकशे एकमध्ये काय तपासतात!

आणि दवाखान्याचा आणखी एक फायदा. ज्या घरातून बाईला एकटीने भाजी आणायलाही सोडत नाहीत, तिथूनही 'दवाखान्यात जाऊन येते' हे एक वाक्य चालतं.

दिलाशाने पहिलं काम केलं ते रुग्णालयातल्याच माणसांना शिकवण्याचं. डॉक्टर, नर्स, आया, वॉर्डबॉय. बाहेरच्या तज्ज्ञाने येऊन भाषण ठोकलं तर लोक चहाची वाट बघतात. म्हणून रुग्णालयातल्या लोकांनाच प्रशिक्षक म्हणून तयार केलं गेलं, आणि ते सहकाऱ्यांना शिकवू लागले. कोणती जखम बघून प्रश्न विचारायचा, तो कसा विचारायचा, सोबत आलेल्या नवऱ्याला दोन मिनिटं बाहेर कसं पाठवायचं. आणि केसपेपरवर 'पडल्याने जखम' ऐवजी ती जे सांगते ते लिहायचं, 'नवऱ्याने मारल्याने'. या दोन शब्दांवर पुढे कोर्टात केस उभी राहते किंवा कोसळते.

विष घेतलेल्या बायकांबाबत तर ही जागा फारच मोलाची ठरली. आत्महत्येचा प्रयत्न हा तेव्हा गुन्हा होता, त्यामुळे घरचे, पोलीस आणि कधीकधी ती स्वतःही 'चुकून घेतलं' यावर अडून बसायचे. पोट धुतलं, सलाईन लावलं, घरी सोडलं. त्याच घरी. दिलाशाच्या समुपदेशक वॉर्डात जाऊन अशा बायकांशी बोलू लागल्या. आपण काय म्हणतो अशा वेळी? लेकरांचा तरी विचार करायचास. म्हणजे मरता मरता वाचलेल्या बाईला पुन्हा अपराधी करतो. तिथे प्रश्न बदलला. त्या दिवशी, त्याच्या आधी काय झालं होतं?

मग सुरक्षेचं नियोजन, अगदी वाणसामानाच्या यादीसारखं. कागदपत्रांच्या झेरॉक्स कुणाकडे ठेवायच्या. थोडे पैसे कुठे. कुठल्या शेजारणीला सांगून ठेवायचं. भांडण पेटलं तर स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही, कारण तिथे सुरी आणि गॅस. मोठ्या मुलाला कुठला नंबर पाठ करून ठेवायला सांगायचा. आणि आज रात्री घरी जाणं धोक्याचं असेल तर रुग्णालयातच एक-दोन दिवस दाखल करून घ्यायचं. खाट ही इथेही औषधच.

२००६ च्या सुमारास हे केंद्र महापालिकेने स्वतःकडे घेतलं आणि नंतर मुंबईतल्या इतर महापालिका रुग्णालयांतही दिलासा उघडलं. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण संस्थेने सुरू केलेलं काम सरकारी यंत्रणेने पगार देऊन चालवणं हे आपल्याकडे किती वेळा होतं? मोजा बोटांवर.

कायदा त्याच सुमारास मागून आला. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. त्याच्या नियमांमध्ये समुपदेशनाबद्दल एक तरतूद आहे, जी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली. समुपदेशनात मारणाऱ्याला आपल्या हिंसेचं समर्थन करता येणार नाही. जेवण वेळेवर नव्हतं म्हणून मारलं, उलट बोलली म्हणून मारलं, हे त्या टेबलावर चालणारच नाही. आणि समुपदेशनाचा उद्देश? हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी घेणं. माझ्या मावशीच्या रिक्षापासून इथपर्यंत.

पण रस्ता सरळ नाहीये. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४९८अ च्या तक्रारी आधी कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठवायला सांगितलं, २०१८ मध्ये स्वतःच ते मागे घेतलं, आणि वाद अजून चालूच आहे. निर्भया प्रकरणानंतर २०१५ पासून केंद्र सरकारची 'सखी' वन स्टॉप सेंटर जिल्ह्याजिल्ह्यांत आली, पोलिसांचे 'भरोसा सेल' आले. कुठे फार मनापासून काम होतं. कुठे अजूनही 'किती संसार जुळवले' हा आकडा अभिमानाने सांगतात. जुळलेल्या संसारात पुढच्या महिन्यात काय झालं, हे कुणी फोन करून विचारतं का? मला तोच आकडा हवाय.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये हे सगळं फोनवर आलं. मारणारा चोवीस तास त्याच खोलीत. बाई बाथरूममध्ये नळ सोडून कुजबुजणार किंवा फक्त मिस्ड कॉल देणार. समुपदेशकाने मग असे प्रश्न विचारायचे ज्यांचं उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' मध्ये देता येईल. तो घरात आहे? मुलं ठीक आहेत? पोलीस पाठवू? ज्या केंद्राचं नावच 'बोलते व्हा', अशा कामात न बोलता बोलण्याची पद्धत शोधावी लागली.

आता नंबर. महिलांसाठी मदत १८१. तातडीचा धोका असेल तर ११२. मन फार खचलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल तर टेलिमानस, १४४१६, मराठीतही बोलता येतं. मुंबईत असाल तर महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात 'दिलासा कुठे आहे' एवढंच विचारा, नर्सला कळतं. आणि तुमची एखादी मैत्रीण जाणार असेल आणि सोबत चल म्हणाली, तर जा. बाहेरच्या बाकड्यावर बसा. वेळ लागतो, फोन चार्ज करून न्या.